आगगाड्या कां तरल्या व कां बुडाल्या?

लोखंडी रस्ता एकदां घातला म्हणजे तो पिढ्यानपिढ्या चालावयाचाच, असा आपल्याकडील बहुतेकांचा समज असतो. आपल्या देशांत आगगाडी बहुतांशीं सरकारच्या मालकीची. तिला नफा होवो वा तोटा होवो, सकाळची गाडी सकाळीं येणार आणि रात्रीची रात्रीं सुटणार, हें आपण गृहीत धरून चालतों. आगगाडीचें दिवाळें निघूं शकतें, तिचे रूळ उपटून भंगाराच्या भावानें विकले जाऊं शकतात, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगितलें तर त्यांना ती कादंबरींतील गोष्ट वाटेल. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हें अनेकदां घडलें आहे. आणि ज्या मुलखांत एक कंपनी बुडाली त्याच मुलखांत, तेच डोंगर ओलांडून जाणारी तिची शेजारीण मात्र भरभराटीस आली, असेंही घडलें आहे. असें कां व्हावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. अमेरिकेंत आगगाड्या प्रारंभापासून खासगी कंपन्यांच्या हातीं होत्या. लोकांनीं भांडवल घालावें, कंपनीनें रस्ता बांधावा, माल व उतारू वाहून पैसा मिळवावा आणि नफा भागीदारांस वांटावा, असा तो व्यवहार. सरकारनें कोठें जमीन दिली, कोठें कर्जरोखे दिले. परंतु धंदा बुडाल्यास भागीदारांचें नुकसान भरून देण्याची हमी बहुधा कोणाची नसे. आपल्याकडे प्रकार उलटा होता. मुंबई-ठाणें रस्ता बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीस १८४९ सालच्या करारानें भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी मिळाली होती. धंदा चालो न चालो, व्याज येणारच. त्यामुळें काटकसरीची निकड उरली नाहीं, अशी टीका त्या काळींच झाली. अमेरिकेंत ही उशी नसल्यामुळें कारभाराचें बरेंवाईट फळ लवकर दृष्टीस पडे. म्हणून आम्हीं उदाहरणासाठीं तोच देश निवडला आहे.

बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीनें १८३० सालीं आपला तेरा मैलांचा पहिला तुकडा खुला केला. १९१६ सालीं त्या देशांतील लोखंडी रस्त्याची लांबी सुमारें २,५४,००० मैल झाली होती. तो कळस होय. पुढें ओहोटी लागली. ह्या ओहोटीचें कारण विचारलें तर ठरलेलें उत्तर मिळतें: मोटार आली, विमान आलें, आणि आगगाडी मागें पडली. हें उत्तर खोटें नाहीं. १९२९ सालीं एका शहराहून दुसऱ्या शहरीं जाणाऱ्या मालापैकीं सुमारें पाऊण हिस्सा आगगाड्या वाहात असत. १९७५ च्या सुमारास तो तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच अधिक उरला होता. १९५६ च्या कायद्यानें देशभर सुमारें ४१,००० मैलांचे प्रशस्त राजमार्ग बांधण्याचें सरकारनें ठरविलें, आणि मालमोटारींना जणूं स्वतःचें अंगणच मिळालें.

परंतु हें उत्तर अपुरें आहे. मोटार सर्वांच्याच दारांत आली. मग दिवाळें कांहींचेंच कां निघालें? शिवाय १८९३ सालच्या आर्थिक आपत्तींत देशांतील सुमारें चतुर्थांश लोखंडी रस्ता दिवाळखोरीच्या कोर्टाकडे गेला, तेव्हां मालमोटारीचा जन्मही झाला नव्हता. त्या वेळीं कोणास दोष द्यावा?

आमचें मत थोडक्यांत असें आहे. आगगाडी धांवते रुळांवर खरी, पण जगते ती मालावर. ज्या कंपनीनें आपल्या रस्त्याकांठच्या मुलखाची शेती, खाणी, जंगलें व बाजार वाढविण्याची चिंता वाहिली आणि मिळालेला पैसा पुन्हां रस्त्यांत घातला, ती वाईट दिवसांतूनही बहुधा तरली. जिनें रस्ता हें भाग विकण्याचें निमित्त किंवा प्रतिष्ठेचें तोरण मानलें, ती चांगल्या दिवसांतही पोखरत गेली. कायद्याचा व दैवाचाही यांत वांटा आहे, तो पुढें सांगूं.

अमेरिकेच्या वायव्य भागांत मिनेसोटापासून पॅसिफिक महासागरापर्यंत तीन कंपन्यांनीं रस्ते नेले. मुलूख साधारण एकच, हिमवर्षाव तोच, रॉकी व कॅस्केड हे पर्वतही तेच. ह्यांपैकीं पहिली नॉर्दर्न पॅसिफिक. १८६४ सालीं प्रेसिडेंट लिंकन यांनीं सही केलेल्या सनदेनें तिला रस्त्याच्या दोन्ही बाजूंची विस्तीर्ण सरकारी जमीन मिळावयाची होती. अखेरीस ती सुमारें चार कोटि एकर भरली. इतकी संपत्ति हातीं येणार म्हटल्यावर भांडवलाची काय वाण? जे कुक या प्रसिद्ध सावकारानें तिचे रोखे गांवोगांव खपविले. परंतु ओसाड माळांवर रूळ पुढें सरकत होते आणि त्यांवरून न्यावयाचा माल कोठेंच नव्हता. १८७३ च्या सप्टेंबरांत कुकची पेढी बुडाली व तिच्याबरोबर साऱ्या देशाचा बाजार कोसळला. पुढें हेन्री व्हिलार्ड यानें १८८३ सालीं रस्ता पुरा केला. त्या समारंभास माजी प्रेसिडेंट ग्रँट उपस्थित होते. मेजवान्या झाल्या, भाषणें झालीं. दहा वर्षांनीं, १८९३ सालीं, कंपनीचें पुन्हां दिवाळें निघालें.

दुसरी कंपनी ग्रेट नॉर्दर्न. तिचा कर्ता जेम्स हिल हा कॅनडांत १८३८ सालीं जन्मला. लहानपणीं एक डोळा गेलेला हा मुलगा अठराव्या वर्षीं सेंट पॉल गांवीं आला आणि नदीच्या धक्क्यावर कारकुनी करूं लागला. कोणता माल कोठून येतो, कोठें जातो, दर मणास काय पडतें, हें तो वह्यांतून व डोळ्यांनीं शिकला. १८७८ सालीं त्यानें कांहीं भागीदारांसह सेंट पॉल अँड पॅसिफिक नांवाची दिवाळखोर आगगाडी विकत घेतली. लोकांनीं त्यास हंसावें अशीच ती होती. परंतु ती रेड नदीच्या खोऱ्याकडे जात होती, आणि त्या काळ्या जमिनींत गहूं उत्तम पिकेल हें हिलनें ओळखलें होतें.

हिलची रीत पाहण्याजोगी आहे. तो एकदम महासागराकडे धांवला नाहीं. थोडा रस्ता घालावा, त्यालगत शेतकरी वसवावे, त्यांचा गहूं बाजारांत पोंचवावा, त्या उत्पन्नावर पुढील मजल मारावी, असा त्याचा क्रम होता. शेतकऱ्यांची गुरें सुधारावीं म्हणून त्यानें जातिवंत वळू आणवून फुकट वांटले. पश्चिमेकडून परत येणारे डबे रिकामे येऊं नयेत म्हणून त्यानें तिकडील लांकडाचे दर इतके उतरविले कीं, तेथील जंगलांचा माल पूर्वेच्या बाजारांत येऊं लागला. रिकामा डबा ओढावयास कोळसा लागतोच, उत्पन्न मात्र कांहीं नाहीं, हें त्याच्या मनांत पक्कें बसलें होतें. मिनेसोटांतील जुन्या रस्त्याबरोबर आलेली जमीन सोडली तर महासागरापर्यंतच्या विस्तारास मध्यवर्ती सरकारची फुकट जमीन त्यास मिळाली नाहीं. १८९३ च्या जानेवारींत त्याचे रूळ जुळून रस्ता सिअॅटलपर्यंत पुरा झाला. त्याच वर्षीं आपत्ति आली. नॉर्दर्न पॅसिफिक बुडाली, युनियन पॅसिफिक बुडाली, सँटा फे बुडाली. ग्रेट नॉर्दर्न तरली.

ह्यांत केवळ व्यापारी हुशारी नव्हती. भूमिति व पदार्थविज्ञानही होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब अवश्य करून पाहावा. दोन हजार पौंडांचा एक टन माल सपाट रुळांवर हळू गतीनें ओढावयास चार ते सहा पौंडांचा जोर पुरतो. परंतु शंभर फुटांस एक फूट असा चढ लागला कीं, त्यांत वीस पौंडांची भर पडते. म्हणजे जी चढण पायीं चालणाऱ्यास जाणवतही नाहीं, ती एंजिनाचें काम चौपट-पांचपट करते. चढ एकदांच बांधला जातो, पण त्याचा दंड रोज, प्रत्येक गाडीस, पन्नास वर्षें भरावा लागतो. म्हणून हिल कमी चढाच्या व कमी वळणांच्या वाटेसाठीं हट्ट धरी. त्याचा एंजिनियर जॉन स्टीव्हन्स हा १८८९ च्या डिसेंबरांत, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, रॉकी पर्वतांतील मारायस खिंडींत जाऊन पोंचला. ही खिंड सुमारें ५,२०० फूट उंचीची, आणि तिच्यांतून आगगाडी सुखानें जाऊं शकेल अशी होती. हाच स्टीव्हन्स पुढें पनामाच्या कालव्याचा मुख्य एंजिनियर झाला.

ह्या कंपनीस संकटें आलीं नाहींत असें नाहीं. १९१० च्या मार्चांत कॅस्केड पर्वतांत वेलिंग्टन येथें थांबलेल्या गाड्यांवर बर्फाचा कडा कोसळून ९६ माणसें मेलीं. कंपनीनें पुढें त्या पर्वताखालून जवळजवळ आठ मैलांचा नवा बोगदा खणला. तो १९२९ सालीं खुला झाला. हाच पैसा भागीदारांस वांटतां आला असता. तो डोंगरांत गेला म्हणूनच रस्ता टिकला.

तरी हिलची आरती ओंवाळावी असा आमचा हेतु नाहीं. त्याच्या रस्त्याची वाट ज्या मुलखांतून गेली तो ब्लॅकफीट, असिनिबॉइन इत्यादि मूळ रहिवाशांसाठीं राखून ठेविलेला होता. १८८७ सालीं काँग्रेसनें त्यांतून आगगाडीस वाट दिली आणि १८८८ च्या कायद्यानें त्या लोकांची जमीन फारच आंखूड केली. पुढें मोंटानाच्या कोरड्या माळांवर शेतकरी आणून वसविण्यासाठीं आगगाडीच्या कंपन्यांनीं आकर्षक जाहिराती केल्या. कांहीं वर्षें पाऊस बरा झाला. १९१७ पासून अवर्षण पडलें, आणि हजारों कुटुंबें घरेंदारें सोडून निघून गेलीं. मुलूख वाढविणें आणि मुलखास भुलविणें ह्यांतील सीमा बारीक आहे. हिल व त्याचे सोबती ती नेहमींच पाळीत असे म्हणवत नाहीं.

आतां तिसरी कंपनी. शिकागो, मिलवॉकी अँड सेंट पॉल ही मध्य भागांतील सुस्थितींतली कंपनी. शेजारच्या दोघी महासागरापर्यंत गेल्या, मग आपणच मागें कां राहावें, या विचारानें तिनें १९०६ ते १९०९ या तीन वर्षांत आपला रस्ता पॅसिफिकपर्यंत नेला. खर्चाचा अंदाज सुमारें सहा कोटि डॉलरांचा होता. प्रत्यक्षांत त्याच्या तिपटीहून अधिक लागले. वाट आंखूड होती, पण ती विरळ वस्तीच्या मुलखांतून गेली. चांगलीं गांवें व खाणी शेजारणींनीं आधींच गांठल्या होत्या. पांच वर्षांनीं, १९१४ सालीं, पनामाचा कालवा उघडला आणि पूर्व-पश्चिम किनाऱ्यांमधील पुष्कळ माल जहाजांनीं जाऊं लागला.

ही कंपनी कर्तबगारींत कमी होती असें कोणीं समजूं नये. १९१४ ते १९२० च्या दरम्यान तिनें पर्वतांतील सुमारें ६५० मैल रस्त्यावर विजेच्या गाड्या चालू केल्या. तेवढा लांबचा विजेचा रस्ता तेव्हां जगांत आश्चर्य गणला जाई. उतारावरून येणारी गाडी आपल्या वेगानें वीज उत्पन्न करून ती तारेंत परत सोडी, आणि तीच वीज चढणाऱ्या गाडीच्या उपयोगीं पडे. विद्या उत्तम, यंत्रें उत्तम. माल मात्र पुरेसा नाहीं. १९२५ सालीं कंपनीचें दिवाळें निघालें, १९३५ सालीं पुन्हां निघालें, आणि १९७७ सालीं तिसऱ्यांदां. १९७४ सालीं, म्हणजे तेलाच्या किंमती एकाएकीं भडकल्या असतांना, तिनें विजेच्या गाड्या बंद करून तांब्याच्या तारा विकावयास काढल्या. १९८० सालीं मोंटानापासून पश्चिमेचा बहुतेक रस्ता सोडून दिला गेला. ज्या दीड मैलाहून लांब सेंट पॉल पास बोगद्यांतून विजेच्या गाड्या जात, त्यांतून आज सहलीस आलेले लोक पायगाड्या चालवितात. हार्लोटन, एव्हरी ह्यांसारख्या ज्या गांवांचें पोट ह्या रस्त्यावर होतें, त्यांची काय स्थिति झाली असेल, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे वडील रेल्वेंत नोकरीस आहेत त्यांना सांगावयास नको.

एकदां बुडालेली आगगाडी पुन्हां वर येतच नाहीं काय? येते, आणि कशानें येते, हें युनियन पॅसिफिकच्या उदाहरणावरून कळेल. १८६९ च्या १० मे रोजीं ह्याच कंपनीचे रूळ सेंट्रल पॅसिफिकच्या रुळांस जुळून अमेरिका आरपार जोडली गेली. परंतु बांधकामाचा ठेका संचालकांनीं आपल्याच दुसऱ्या एका कंपनीस चढ्या दरानें दिला होता. १८७२ सालीं हें क्रेडिट मोबिलियरचें प्रकरण उघडकीस आलें. रस्ता झाला, पण तो जन्मतःच ऋणकरी. १८९३ सालीं बुडाल्यावर एडवर्ड हॅरिमन यानें तो हातीं घेतला. त्यानें दिवसाउजेडीं खास गाडीनें हिंडून सारा रस्ता स्वतः पाहिला आणि मग वळणें सरळ करणें, चढ उतरविणें, पूल भक्कम करणें यांवर मुक्त हस्तानें खर्च केला. पुढें त्याच्याच अमलाखालीं असलेल्या सदर्न पॅसिफिक कंपनीनें १९०४ सालीं ग्रेट सॉल्ट लेक सरोवरावरून थेट वाट काढून सुमारें ४४ मैलांचा फेरा वांचविला. आज युनियन पॅसिफिक ही त्या देशांतील अग्रगण्य आगगाड्यांपैकीं एक आहे. ज्यांनीं तिला लुटलें त्यांनींच खर्चिलें असतें तर मधलीं पंचवीस वर्षें वाया गेलीं नसतीं.

ह्याच्या उलट मोठेपणा टिकविण्यांतच मोठेपणा कसा गमावला जातो, हें पेनसिल्व्हेनिया कंपनीच्या चरित्रांत दिसतें. १८४६ सालीं स्थापन झालेली ही कंपनी आपणांस साऱ्या जगाच्या आगगाड्यांचा आदर्श म्हणवून घेई, आणि तें बरेच दिवस खरेंही होतें. अल्टूना गांवाजवळ घोड्याच्या नालासारखें वळण घेऊन डोंगर चढणारा तिचा रस्ता १८५४ पासून आजतागाईत कामांत आहे. न्यूयॉर्कमध्यें १९१० सालीं तिनें बांधलेलें भव्य स्टेशन पाहून लोक थक्क होत. शंभराहून अधिक वर्षें नफ्याची वांटणी एकदांही चुकली नाहीं, ह्याचा तिला अभिमान होता. १९४६ सालीं तिला पहिल्यानें तोटा आला. वांटणी तरीही झालीच. घरांत धान्य नसतां दारीं तोरण बांधावें, तसला हा प्रकार. १९६३ पासून न्यूयॉर्कचें तें स्टेशन पाडलें गेलें. १९६८ च्या १ फेब्रुवारीस ही कंपनी व तिची जुनी प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क सेंट्रल एकत्र होऊन पेन सेंट्रल नांवाची प्रचंड कंपनी झाली. दोन दुबळे एकमेकांस टेकले म्हणून बलवान् होत नाहींत. दोन्हीकडील अधिकारी एकमेकांशीं सहकार्य करीनात, दोन्हीकडील गणकयंत्रें जुळेनात, मालाचे डबे यार्डांतून हरवूं लागले. आणि कंपनीचे कारभारी मात्र जमीनजुमल्याच्या व करमणुकीच्या धंद्यांत पैसा गुंतवीत होते. १९७० च्या २१ जूनला दिवाळें निघालें. तोंपर्यंतच्या अमेरिकन इतिहासांतील तें सर्वांत मोठें दिवाळें होय.

येथें न्यायाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पूर्वेकडील ह्या आगगाड्यांचे प्रवास जवळजवळचे, आणि जवळच्या मालावर मालमोटारीचा घाला आधीं पडतो. उतारूंच्या तोट्यांतल्या गाड्या बंद करावयास परवानगी मिळत नसे. आणि १९६७ सालीं टपालखात्यानें आपलें बहुतेक टपाल त्या गाड्यांवरून काढून घेतल्यावर त्यांचा उरलासुरला आधारही गेला. वाफेच्या काळीं ठरलेला शंभर मैलांस एक दिवसाची मजुरी हा नियम वेगवान् गाड्यांच्या काळांतही तसाच राहिला. कामगारांनीं आपली भाकर सांभाळली ह्यांत त्यांचा दोष नाहीं. पण बदलत्या काळाशीं दोन्ही पक्षांनीं वेळेवर समेट केला नाहीं, ह्याचें मोल अखेरीस कामगारांनींच अधिक भरलें.

आतां कायद्याविषयीं. १८८७ सालीं आंतर-संस्थानीय व्यापाराचें कमिशन स्थापन झालें तें योग्यच होतें. मोठ्या व्यापाऱ्यांस गुप्त सूट द्यावी, लहान शेतकऱ्यास नाडावें, जवळच्या गांवास दूरच्यापेक्षां जास्त भाडें लावावें, असे जुलूम कंपन्यांनीं खरोखरच केले होते. परंतु मक्तेदारी आंवरण्यासाठीं घातलेली वेसण मक्तेदारी संपल्यावरही तशीच राहिली. १९६१ सालीं सदर्न रेल्वेनें शंभर टन धान्य मावेल असे अॅल्युमिनियमचे मोठे डबे तयार केले आणि दर सुमारें साठ टक्के उतरविण्याची परवानगी मागितली. स्वस्त धान्य कोणास नको? परंतु प्रतिस्पर्ध्यांनीं तक्रारी केल्या, कमिशननें दर अडविले, वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि अखेरचा निकाल लागावयास १९६५ साल उजाडलें. सदर्न सशक्त होती म्हणून टिकली. रॉक आयलंड कंपनीचें तसें नव्हतें. युनियन पॅसिफिकशीं एक होण्याच्या तिच्या अर्जावर सुनावणी दहा वर्षें चालली. १९७४ सालीं अटी घालून मंजुरी आली, तेव्हां रुळांवर गवत वाढलेल्या ह्या नवरीस वर पत्करीना. १९७५ सालीं ती बुडाली व १९८० च्या मार्च-अखेर कायमची बंद झाली. रोगी मेल्यावर औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्यासारखा हा न्याय झाला.

१९८० च्या १४ ऑक्टोबरला प्रेसिडेंट कार्टर यांनीं स्टॅगर्स कायद्यावर सही केली आणि कंपन्यांना दर ठरविण्याची पुष्कळशी मोकळीक मिळाली. पेन सेंट्रल व इतर दिवाळखोर कंपन्या मिळून सरकारनें १९७६ सालीं कॉनरेल ही संस्था उभी केली होती. ती नफ्यांत आली आणि १९८७ सालीं सरकारनें तिचे भाग लोकांस विकले. मालाचे सरासरी दरही महागाईच्या मानानें पुष्कळ उतरले. मात्र ह्या मोकळिकीचेंही मोल आहे. अनेक लहान फांटे बंद झाले, नोकऱ्या घटल्या, आणि ज्यांच्या दारांतून एकच आगगाडी जाते ते व्यापारी जबर दराची तक्रार आजही करितात. वेसण फार आंवळली तर बैल गुदमरतो, सोडली तर शेत तुडवितो. कायदा करणाऱ्यानें हात सैल व घट्ट करण्याची वेळ ओळखिली पाहिजे.

कोणी म्हणेल, हें सारें दैवाचें आहे. ज्याच्या रस्त्यालगत कोळसा निघाला तो तरला. ह्यांत तथ्य आहे. ग्रेट नॉर्दर्न, नॉर्दर्न पॅसिफिक व बर्लिंग्टन ह्या कंपन्या १९७० सालीं एक झाल्या आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत वायोमिंगमधील कमी गंधकाच्या कोळशास मोठी मागणी आली. नॉर्फोक अँड वेस्टर्नला तर कोळशानें एक शतक पोसलें. परंतु दैवानें दिलेला माल न्यावयास रस्ता धड असावा लागतो. बर्लिंग्टन नॉर्दर्ननें कोळशासाठीं नवा रस्ता बांधला, म्हणून तो माल तिला मिळाला. आणि कोळसाही कायमचा नाहीं; गेलीं कित्येक वर्षें त्याचा खप त्या देशांत घटत आहे. आज ज्या कंपन्यांनीं जहाजांवरील लोखंडी पेट्या दुमजली डब्यांत रचून दूरवर नेण्याची सोय वेळीं केली, त्यांनाच ह्या घसरणींत हात टेकावयास जागा आहे.

पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं ह्यांतून काय घ्यावें? आपल्याकडे आगगाडीचें दिवाळें कोर्टांत निघत नाहीं, म्हणून तोटा होतच नाहीं असें मात्र नव्हे. तो सर्व प्रजेच्या अंगावर पसरतो, इतकेंच. म्हणून नवा रस्ता, नवें स्टेशन, नवी वेगवान् गाडी ह्यांचें कौतुक करतांना नागरिकानें दोन प्रश्न विचारावे: हा रस्ता कोणाचें ओझें हलकें करणार आहे, आणि त्याच्या उत्पन्नांतून त्याच्या जुन्या पुलांस व रुळांस किती मिळणार आहे? हेच प्रश्न शाळा, दवाखाना, सहकारी पेढी, कोणत्याही संस्थेस लावून पाहावे. मिलवॉकीच्या कारभाऱ्यांपाशीं उत्तम यंत्रें होतीं आणि पेनसिल्व्हेनियापाशीं शतकाचें नांव होतें. दोन्ही गोष्टी पुरल्या नाहींत. हिलपाशीं आरंभीं एक मोडकी आगगाडी व गव्हाच्या जमिनीचें अचूक ज्ञान एवढेंच होतें. आमच्या मुलांपैकीं जे उद्यां एंजिनियर, हिशेबनीस किंवा कायदे करणारे होतील, त्यांनीं नकाशावर रेघ ओढण्यापूर्वीं त्या रेघेच्या दोन्ही बाजूंस काय पिकतें व कोण राहतें, हें पायीं हिंडून पाहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.